घिवलीचा घ

हाताने लिहिल्यासारखा दिसणारा खेळकर फॉन्ट पारखायचा असेल तर त्यात 'घिवली' हा शब्द लिहून बघावा. तारापूर अणुवीज केंद्राच्या परिसरातल्या या किनारी गावाचं नाव जेमतेम तीन अक्षरांचं, पण फॉन्टची सगळी परीक्षा त्यात होते. घ आणि ध यांचा फरक डोक्यावर असतो. घवरची शिरोरेषा अखंड असते, धवरची डावीकडे तुटते आणि तिथे एक मुरड येते. लगबगीने लिहिणारा हात शिरोरेषा गाळतो. फॉन्टने त्याचीच नक्कल केली तर घिवलीची धिवली व्हायला वेळ लागत नाही. शेवटच्या 'ली'चंही तसंच. मराठी ल पाकळीचा, हिंदी वळणाचा ल दांडीचा. राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल प्रमाण मानला, तरी कित्येक फॉन्टमध्ये आधी उमटतो तो दांडीचाच.

यावर कोणी म्हणेल, संदर्भाने वाचता येतंच की! वाक्यात येतं, पण गावाच्या नावाला संदर्भ कुठून आणायचा? बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतातून आलेला कामगार पाटी वाचतो तेव्हा त्याच्याकडे फक्त ते अक्षर असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की हस्ताक्षरी फॉन्ट तिथेच वापरावा जिथे वाचणाऱ्याला मजकूर आधीच ओळखीचा आहे किंवा चुकला तरी बिघडत नाही: लग्नपत्रिकेवरची नावं, बालपुस्तकाचं शीर्षक, खानावळीचा फलक. धोक्याच्या सूचनेला, औषधाच्या चिठ्ठीला तो नको. मोडीतही हेच दिसतं. आधी ओळभर शिरोरेषा आखायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं ओवत जायची, अशी ती धावती लिपी. कारकुनांना ती सहज वाचता येई, कारण त्यांचा डोळा तयार होता. आज त्यांनी लिहिलेल्या कागदांना जाणकार शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो: असे फॉन्ट रंगाऱ्याचा हात संपवतील. ही भीती खोटी नाही. होडीच्या नाळेवर नाव रंगवणारा फळीच्या वळणाबरोबर अक्षर लहानमोठं करत नेतो. फॉन्टमधला क मात्र दहाही वेळा तोच, जोवर रचनाकार त्याची पर्यायी रूपं मुद्दाम घडवत नाही. पण फॉन्ट हात जपूही शकतो. 'यात्रा वन' हा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'कलम'मध्ये रोजच्या हस्ताक्षराची तिरकी चाल देवनागरीत आली, आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो. अशा फॉन्टमध्ये गावाचं नाव छापण्याआधी एकच करावं. ते मोठं करून, चार हात लांब ठेवून, गाव न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यावं.