फोनचे बिऱ्हाड

घर बदलणे त्या मानाने सोपे. टेंपोवाला पाट्या-वरवंट्यासकट सगळे उचलून नेतो. फार तर लोणच्याची एखादी बरणी फुटते. अँड्रॉइडच्या चाळीतून उठून आयफोनच्या बंगल्यात राहायला जाऊन पाहा, वाचकहो! सामान फाटकाशीच अडते.

2023 च्या दिवाळीत चिरंजीवांनी बंगळूरहून पैसे पाठवले आणि ‘आईला आयफोन घ्या’ असा हुकूम सोडला. (चिरंजीव हल्ली हुकूमच सोडतात.) दुकानातल्या तरुणाने काही न विचारता अर्ध्या तासात फोन चालू केला. नावे-नंबर आले, फोटो आले. “सगळं आलं, काकू,” म्हणत त्याने जुन्या फोनकडे हात केला. तो एक्सचेंजमध्ये दिला, की बिलातले चार हजार कमी.

“आणि आईचे निरोप?” सौ.ने विचारले.

माझ्या सासूबाई 2021 साली गेल्या. व्हॉट्सॲपवर अक्षरे टिपणे त्यांना कधी जमले नाही. त्या बोलूनच निरोप धाडीत. तांदळाचे पाणी तिन्ही दिवस बदललेस ना, गूळ जुना घेतलास का, आणि “अनारसा तुपात हसला तर घाबरू नकोस, थोडी पिठी मिसळ.” पाठीमागे साताऱ्याच्या घरातल्या झोपाळ्याची कुरकुर.

“बॅकअप असेल की,” तरुण म्हणाला. होता ना! पण अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोन शोधणार आयक्लाउडमध्ये. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. 2022 साली ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून गप्पा पलीकडे नेण्याची सोय निघाली होती खरी. पण तेव्हा अट अशी, की नवा फोन अगदी कोरा हवा. तो तर यांनी आधीच मांडून ठेवलेला!

मला नवल वाटते ते याचे. 2011 च्या जानेवारीपासून देशभर कोणीही आपला नंबर तोच ठेवून कंपनी बदलू शकतो; सरकारने तो हक्क दिला. म्हणजे दहा आकडे आपले. त्या आकड्यांवर आलेला आईचा आवाज मात्र कोणत्या कपाटात राहणार, हे कपाटवाला ठरवणार.

सौ.ने जुना फोन पर्समध्ये टाकला आणि ती दुकानाची पायरी उतरली. रात्री भाच्याने नवा फोन पुसून कोरा केला. दोन्ही फोन एकाच वायफायवर, दोन्ही चार्जिंगला, आणि आम्ही तिघे आटवायला ठेवलेल्या दुधाकडे पाहावे तसे टेबलाभोवती. पावणेदोन तास! मग सौ.ने निरोप लावला. झोपाळा कुरकुरला.

बाकीची रड किरकोळ. मागे जायचे बटण सापडत नाही म्हणून ती अजून चिडते. चार्जरचेही तसेच. त्याच सप्टेंबरात आलेल्या आयफोन 15 ला यूएसबी-सी आले. आमचा निघाला 14, त्यामुळे घरातल्या चार वायरींत पाचवी.

जुना फोन काही तिने एक्सचेंजला दिला नाही. निरोपांची एक प्रत त्यातही आहे. तो दर रविवारी चार्जिंगला लागतो, आणि त्या दिवशी मिक्सरचे बटण माझे नसते.