डोंगराची फेरी आपण करायची, यादी आपण लिहायची



उन्हाळ्याच्या सुट्टीत कराड-सांगलीकडची पोरं सागरेश्वर अभयारण्य बघायला जातात. वनगावातल्या माणसांनीही एकदा तिथं जावं, असं माझं म्हणणं आहे. मौजेसाठी नव्हे. उजाड डोंगर परत कसा उभा राहतो आणि मग तो कुणाच्या ताब्यात जातो, ह्या दोन्ही गोष्टी तिथं दिसतात.

देवराष्ट्रे गावाजवळचा हा कमी पावसाचा डोंगर एकेकाळी उघडाबोडका होता. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसांचे हात लागले, झाडं लावली, राखली. १९८५ साली सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. माणसानं उभं केलेलं जंगल म्हणून आज त्याचं नाव आहे. काम मोठंच आहे, त्याला सलाम. पण डोंगराला कुंपण पडलं, कारभार वनखात्याकडं गेला आणि हरणं बाहेर पडून पीक खातात ते शेजारच्या शेतकऱ्याचं.

त्याच १९८५ साली पश्चिमेला चांदोलीचं अभयारण्य झालं. २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथं तर जंगल आधीपासून होतं, आणि गावंही होती. जंगल राहिलं, गावं उठवली. म्हणजे जंगल वाढवा नाहीतर राखा, हक्क कागदावर नसला तर आपण बाहेरच!

कागद कुठला? २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वन राखायचा, परत वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क गावाला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर तो मिळवला. आपल्याला कोण अडवतंय?

पुरावा नाही, असं साहेब म्हणतात. पुरावा डोंगरावर पडलाय. नियम १३ वाचा. गुरं चारायची जागा, कंदमुळं-रानफळं-चारा गोळा करायची जागा, पाणवठे, देवाची झाडं, जुन्या घरांच्या खुणा, म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब, हे सगळं पुराव्यात धरतात. आणि हे बघायला उन्हाळाच बरा. गवत वाळलेलं असतं, जोती उघडी पडतात, कुठला झरा टिकतो ते कळतं.

म्हणून पाऊस पडायच्या आत प्रत्येक ग्रामसभेनं आपल्या हद्दीची फेरी काढावी. म्हाताऱ्या बाया पुढं, लिहिणारी पोरं मागं. बोर, करवंद, हिवर, खैर, बेहडा, काय कुठं आहे ते लिहा. खोडाला फुटवा आलाय का बघा. मूळ जिवंत असेल तर वणवा आणि कुऱ्हाड थांबवली की झाड आपसूक येतं, खड्डासुद्धा लागत नाही.

ही यादी दाव्याला जोडा. उद्या रोपांची गाडी आली तर तीच यादी पुढं करा. निलगिरीला शेळी तोंड लावत नाही. सुबाभूळ चारा देते हे खरं, पण तिनं जागा धरली की बाकीचं उगवत नाही. आपल्या डोंगरावर काय लावायचं ते ग्रामसभा ठरवेल, हे ठरावात लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

झाड आमचं, राखण आमची, कारभारही आमचाच. जिंदाबाद!