नागीण गेली, कळ राहिली

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आपण माझ्याकडून बेणे, खत, पाचट आणि हुमणी यांविषयी वाचत आलात. आजचा विषय वेगळा आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदविकेचा माणूस आहे. तरीही लिहितो आहे, कारण गटात फिरताना बांधावर जे ऐकतो आणि माझ्या स्वतःच्या घरात जे घडले, ते न सांगणे बरे वाटत नाही. विषय आहे नागिणीचा, आणि त्याहीपेक्षा नागीण वाळून गेल्यावर मागे राहणाऱ्या कळेचा.

माझी आई सत्तरीची, राजूरला घरी असते. दोन वर्षांपूर्वी गळीत हंगाम तोंडावर आलेला असताना तिच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. तिसऱ्या दिवशी लाल चट्टा उठला आणि त्यावर पाण्याच्या फोडांचे घोस आले. शेजारच्या बायांनी पाहताच नागीण म्हणून सांगितले. मी तोडणी कार्यक्रमाच्या गडबडीत. "जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या," एवढे फोनवर सांगून मोकळा झालो. गेरूचा लेप झाला, मंत्र झाला, तीन आठवड्यांत फोड वाळले. सर्वांना हायसे वाटले.

पण आईची आग गेली नाही. लुगड्याचा पदर लागला तरी ती दचकायची. रात्री उठून बसायची. त्यावर मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "आई, कातडी तर स्वच्छ दिसतेय. आता कशाचं दुखतंय? उगाच मनाला लावून घेऊ नकोस." त्यानंतर तिने दुखते म्हणून सांगणेच सोडून दिले. असे पाच महिने गेले.

पुढे राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात आपले एक वयस्कर सभासद भेटले. थंडी कडाक्याची, आणि यांनी सदऱ्याची डावी बाजू हाताने अंगापासून दूर धरलेली. विचारले तेव्हा म्हणाले, "साहेब, नागिणीला वरीस झालं. सदरा अंगाला लागला का इंगळ्या डसत्यात. घरचे म्हंत्यात, म्हातारा कामाचा कंटाळा करतोय, सोंग घेतंय." मी त्यांच्याशी पुढे काही बोलू शकलो नाही. त्यांच्या घरचे जे बोलत होते, तेच मी माझ्या आईला बोललो होतो.

दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तेथे जे समजले ते असे.

नागीण हा सापाचा कोप नाही की उष्णता नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी तो चाळीस-पन्नास वर्षे निपचित पडून राहतो. वय झाले, अंगातली ताकद उणावली, की एखाद्या तंतूच्या वाटेने पुन्हा बाहेर येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर कांजिण्या ही लागण आणि नागीण हा तिचा खोडवा. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो, लागणीत पुष्कळदा नजरेस भरत नाही आणि खोडव्यात बेटेच्या बेटे गवतासारखी होतात. तसाच हा प्रकार.

विशेष म्हणजे ही गोष्ट नीट मांडली ती इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावच्या एका साध्या डॉक्टरांनी. त्यांचे नाव एडगर होप-सिम्पसन. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या रुग्णांची त्यांनी सोळा वर्षे नोंद ठेवली आणि १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. नोंदवहीचे महत्त्व सभासदांना मी वेगळे सांगायला नको.

मज्जातंतू कण्यातून जोडीने निघतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. विषाणू सहसा एकाच बाजूच्या तंतूने येतो, म्हणून पट्टा अंगाच्या मध्यावर थांबतो. तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस जातो, ही भीती निराधार आहे. आणि उतरवणाऱ्याला यश का येते? कारण फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपच वाळतात. श्रेय मात्र लेपाला मिळते.

कळ मागे का राहते? पंपाच्या केबलचे वरचे आवरण कुरतडले गेले तर मोटार बाहेरून धडधाकट दिसते, पण करंट भलतीकडे जातो. तसाच विषाणूने तंतू पोळलेला असतो. वरची कातडी भरून येते, तंतू भरून येत नाही. तो नसलेल्या दुखण्याचे खोटे निरोप मेंदूला पाठवत राहतो. निरोप खोटा असला तरी दुखणे खरे असते. नागीण उठल्यापासून तीन महिने उलटूनही कळ राहिली, तर डॉक्टर तिला नागिणीनंतरचे मज्जातंतूचे दुखणे म्हणतात. नागीण झालेल्या शंभरांत सुमारे दहा ते अठरा जणांना ते होते. तरुणपणी क्वचित, साठीनंतर अधिक. बहुतेकांचे काही महिन्यांत कमी होते, काहींचे वर्षानुवर्षे चालते.

आता तपासणीविषयी, कारण गैरसमज येथेच जास्त आहे. उसाची पक्वता आपण रिफ्रॅक्टोमीटरने पाहतो, ब्रिक्सचा आकडा डोळ्यांना दिसतो. दुखण्याचा ब्रिक्स दाखवणारे यंत्र नाही. रक्तात ते सापडत नाही, एक्स-रेत दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखत नाही' असा हिशेब करू नये. हे दुखणे विचारून आणि हात लावून तपासायचे असते.

आईला डॉक्टरांनी आधी विचारले. आग होते का? करंटसारखी चमक येते का? मुंग्या येतात का? टोचते, खाजते, बधिर वाटते का? मग तिला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा आधी चांगल्या बाजूला फिरवला, तिला काही वाटले नाही. दुखऱ्या बाजूला फिरवला तशी ती कळवळली. टाचणीचे टोक हलकेच लावले तर मधल्या पट्ट्यात तिला ते कळलेच नाही. एकाच जागी कापूस भाजतो आणि टाचणी लागत नाही, हीच पोळलेल्या तंतूची खूण. अशी दहा मुद्द्यांची एक यादीच डॉक्टर वापरतात, सात विचारून आणि तीन तपासून. चार किंवा जास्त 'होय' आले की दुखणे तंतूचे असण्याची शक्यता मोठी. शेवटी त्यांनी विचारले, "आजी, काही दुखत नाही तर शून्य, सोसवतच नाही तर दहा. तुमचं किती?" आई म्हणाली, "आठ." पाच महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. ती रडली.

या तपासणीला कापूस, टाचणी आणि दहा मिनिटांचा वेळ लागतो. महागड्या स्कॅनची सहसा गरज पडत नाही. मात्र साखर तपासून घ्यावी. तरुण माणसाला नागीण झाली किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर एच.आय.व्ही.ची तपासणीही करावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त राखली जाते.

उपाय आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा चालत नाहीत. तंतू शांत करणारी औषधे वेगळी असतात: ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन. ती थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला आठवडे लागतात. झापड येते, म्हणून घेऊन ट्रॅक्टर चालवू नये. हृदयविकार, काचबिंदू, मूत्रपिंडाचा किंवा लघवीचा त्रास असेल तर आधी सांगावे. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत. मिरचीतल्या तिखट घटकाचे मलमही वापरतात, पण म्हणून कोणी मिरची वाटून लावू नये!

वेळेचे महत्त्व आपण जाणतो. फोड उठल्यापासून बहात्तर तासांत विषाणूविरोधी गोळी, उदाहरणार्थ ॲसायक्लोव्हिर, सुरू झाली तर फोड लवकर वाळतात आणि सुरुवातीचे दुखणे आटोक्यात राहते. पुढे कळ राहणारच नाही, अशी हमी ही गोळी देत नाही. परंतु ती संधी मी आईला दिलीच नाही, ही बोच मला कायम आहे. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळा जाऊ शकतो, तेथे एक दिवसही थांबू नये. पन्नाशीच्या पुढील लोकांसाठी २०२३ पासून आपल्या देशात दोन डोसांची लस मिळू लागली आहे. ती महाग आहे, पण ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, या आजारात औषधाइतकाच घरच्यांचा विश्वास महत्त्वाचा आहे. म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, फोड दिसताच तीन दिवसांच्या आत राजूर किंवा अकोल्याचे ग्रामीण रुग्णालय अथवा जवळचे डॉक्टर गाठावेत. मंत्र घ्यायचा असेल तर परतताना घ्या! दुसरी, हंगामात सभासद व ऊसतोड मजुरांची आरोग्य तपासणी होते तेव्हा 'नागीण झाली होती का, अजून दुखते का' एवढे दोन प्रश्न विचारले जावेत, ही संचालक मंडळास नम्र सूचना. फोड वाळले म्हणून मुकादमाने कोणाच्या हाती लगेच कोयता देऊ नये. तिसरी, घरातले वडीलधारे माणूस दुखते म्हणाले तर कातडी पाहू नका, त्याला आकडा विचारा.

आईची कळ पूर्ण गेलेली नाही. आठाची तीन झाली आहे. रात्री जेवणानंतर मी विचारतो, "आई, आज किती?" ती बोटे दाखवते. आता ती झोपते.