आधी कुत्र्याचे कागद, मग ट्रक

ब्रिटनमधून स्पेनला बिऱ्हाड हलवायचे ठरले की बहुतेक जण आधी ट्रकवाल्याला फोन लावतात. माझे कळकळीचे सांगणे आहे, पहिला फोन पशुवैद्याला करा. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने दिलेला प्राण्यांचा पासपोर्ट युरोपीय संघात चालत नाही. कुत्र्या-मांजरांना आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. हा क्रम चुकला तर लस पुन्हा टोचावी लागते. पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबायचे आणि प्रवेशाआधीच्या १० दिवसांत आरोग्याचा दाखला घ्यायचा. वाटेसाठी बांधून घेतलेले मांसाचे खाद्यही संघात नेता येत नाही. सामानाला एवढी घाई नसते. वर्षभर संघाबाहेर राहिला असाल आणि वस्तू किमान सहा महिने तुमच्याकडच्या, वापरातल्या असतील, तर रीतसर यादी दिल्यावर जकात माफ होते. कपाट-पलंग १२ महिन्यांच्या आत मागाहून आणले तरी चालते. प्रवासाचे म्हणाल तर, इंग्लंडमधल्या फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्याच्या रेल्वेने कुत्रा आपल्याच मोटारीत, आपल्या शेजारी बसून साधारण ३५ मिनिटांत फ्रान्स गाठतो. परक्या घरात तो ओळखीचा वास शोधत फिरेल, म्हणून त्याचे अंथरूण ट्रकमध्ये टाकू नका. न धुता सोबत घ्या.