करून पाहू या : पाटीवर जुना उजेड

दोस्तांनो, समजा उरणला काकांचं दुकान आहे आणि पाटीवर जुन्या थाटाचे दिवे लावायचेत. मग आधी खाऱ्या वाऱ्याचा विचार करा! लोखंडी शेड तो लवकर गंजवतो. पितळ काळवंडतं, पण गंजत नाही. उलट जुनंच दिसतं!

आता बल्ब. ६० वॅटचे पाच जुने बल्ब पाच तासांत दीड युनिट वीज खातात. तसेच दिसणारे, पिवळ्या रेघांचे ६ वॅटचे एलईडी बल्ब? फक्त ०.१५ युनिट! याच तालुक्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालच्या केबलनं वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. तेव्हा वीज जपायलाच हवी, नाही का?

होल्डर पाणी न शिरणारेच घ्या. पाटी तुम्ही रंगवा, वायरिंग मात्र वायरमनकाकांनाच करू द्या हं!