सच्छिद्र पटलाचा वाद आणि आपली कोरी वही

रक्तरसाचे थेंब प्लास्टिकच्या लहानशा पेटीवर सोडावेत, ते पांढऱ्या सच्छिद्र पटलातून खालच्या शोषक थरात झिरपावेत आणि काही मिनिटांत पटलावर गुलाबी ठिपका उमटावा, हे दृश्य यकृद्विकाराच्या रुग्णास ‘हेपॅटायटिस सी’च्या तपासणीसाठी पाठविणाऱ्या वैद्यबंधूंना अपरिचित नसावे. ठिपक्याच्या जागी विषाणूचे प्रतिजन आधीच बसविलेले असतात. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे तेथे अडकतात, उरलेले गळून जाते. अशा अनेक साधनांत रंग येतो तो सूक्ष्म सुवर्णकणांमुळे. सुवर्णकल्पांच्या उपासकांना हे वाचून कौतुक वाटेल.

या गाळणीवरून आपल्या देशात मोठा वाद झाला. दिल्लीच्या जे. मित्रा कंपनीने अशा साधनाच्या पेटंटसाठी १४ जून २००० रोजी अर्ज केला. सुरतच्या स्पॅन डायग्नॉस्टिक्सने मंजुरीपूर्व हरकत घेतली. ती २३ ऑगस्ट २००६ रोजी फेटाळली गेली आणि पुढच्याच महिन्यात पेटंट मिळाले. हरकतदार उच्च न्यायालयात गेले. परंतु मधल्या काळात कायदा बदलला होता. २००५ च्या दुरुस्तीने हरकत फेटाळली गेलेल्यास अपिलाचा मार्ग ठेवला नव्हता. मात्र अपिलाविषयीची नवी कलमे प्रत्यक्षात २ एप्रिल २००७ पासून अमलात आली. मग हे अपील ऐकावयाचे कोणी? सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २००८ रोजी उत्तर दिले : उच्च न्यायालयाने. अर्जास आठ वर्षे लोटली होती आणि निर्णय झाला तो केवळ कोणत्या दारी जावे याचा! ज्या अपील मंडळाकडे पुढची प्रकरणे जावयाची होती, ते मंडळही २०२१ साली बरखास्त झाले.

पेटंट म्हणजे लूट, असे सरसकट म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ज्ञात वस्तूंची केवळ नवी मांडणी हा शोध नव्हे, असे पेटंट कायद्याचे कलम ३(एफ) सांगते. पारंपरिक ज्ञानास कलम ३(पी) संरक्षण देते. परंतु मांडणी कोठे संपते व शोध कोठे सुरू होतो, हे पुराव्यावरच ठरते. मंजुरीपूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरीनंतर वर्षभरात केवळ हितसंबंधितच. म्हणजे पहिल्याच वेळी पुरावा हाताशी हवा.

येथेच आपली पंचाईत आहे. क्वाथ गाळण्यासाठी, तैल स्वच्छ करण्यासाठी आपल्या औषधनिर्मात्यांनी कापड, कापूस, वाळू यांच्या किती युक्त्या योजिल्या असतील! त्या कोठे लिहिल्या आहेत? उद्या कोणी त्यांतील एखादीवर हक्क सांगितला, तर ‘आमच्याकडे आजोबांपासून असेच करतात’ या वाक्यावर कार्यालय समाधान मानणार नाही. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झाले, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ सालचा एक छापील शोधनिबंधही पुढे केला होता. छापलेली तारीख कामी आली.

म्हणून प्रत्येक औषधनिर्मात्याने आपल्या गाळण्याच्या, वाळविण्याच्या, भरण्याच्या पद्धतींची आकृतीसह, दिनांकित नोंद ठेवावी. आणि ज्या पद्धती सर्वांसाठी खुल्या राहाव्यात असे वाटते, त्या याच त्रैमासिकाकडे धाडाव्यात. ज्यांना स्वतःच पेटंट घ्यावयाचे आहे, त्यांनी मात्र आधी अर्ज करावा, मग आम्हांस लिहावे.