शेजारच्या तालुक्यातली वाईन आपल्या दुकानात का नाही?

गेल्या रविवारी दिंडोरीकडे एका कामासाठी गेलो होतो. परत येताना मित्राने गाडी मधेच आत वळवली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधे पत्र्याची शेड, आत स्टीलच्या सात-आठ टाक्या. ही म्हणे वायनरी! रस्त्यावरून पाटीसुद्धा दिसत नाही.

मालकांनी थंडगार शेनिन ब्लांची बाटली उघडली. मी काही जाणकार नाही. पण पहिल्या घोटाला पाडाला लागलेल्या पेरूचा वास आला, मग हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा आणि शेवटी अगदी किंचित गोडवा. मोठ्या नावांच्या पंक्तीला ही बाटली सहज बसेल. विचारलं, नाशकात कुठे मिळेल? ते हसले. म्हणाले, "इथेच या साहेब. दुकानात आमच्यासाठी जागा नाही."

तेव्हापासून हे डोक्यात आहे.

राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं २००१ मध्ये. विंचूरला वाईन पार्क झालं. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळं शेतकऱ्याच्या नावाने. मग जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला आणि जो गदारोळ उठला तो आठवत असेलच. एक बाजू म्हणे वाईन म्हणजे दारू नव्हे, दुसरी म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र केलं. निर्णय बासनात गेला. विषय संपला.

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. वाईन ही दारूच आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला सरबत म्हणणं ही फसवणूक आहे. किराणा दुकानात, पोरांच्या नजरेसमोर ती नसावी, हे म्हणणाऱ्या आयाबहिणींचं मला पटतं.

पण वाईनची द्राक्षं लावणाऱ्या शेतकऱ्याचं काय? ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. वाईनची द्राक्षं वायनरीने उचलली नाहीत तर बाजारात कुत्रं विचारत नाही. २००८-०९ च्या मंदीत हेच झालं. वायनऱ्या अडकल्या, पैसे थकले आणि लोकांनी हाताने लावलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. म्हणून गिऱ्हाईक चार ठिकाणी असलेलं बरं. एक-दोन मोठ्या कंपन्यांवर सगळा तालुका टांगून ठेवणं धोक्याचं आहे.

आणि लहान वायनरी मरते ती चवीने नव्हे, खर्चाने. वाईनवर २० टक्के व्हॅट, त्यातले १६ टक्के परत द्यायची सरकारची योजना. पण आधी भरायचे, मग वाट बघायची. मोठ्याला चालतं. लहान माणसाचं खेळतं भांडवल त्यातच अडकतं. दुसऱ्या राज्यात विकायचं तर प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. दुकानात ठेवलीच कुणी, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात फ्रीजबाहेर. ती बाटली खराब होणारच, आणि नाव जाणार बनवणाऱ्याचं.

त्यामुळे मागणं साधं आहे. नवी दुकानं नकोत. जी परवानाधारक दुकानं आहेत, त्यांतच जिल्ह्यातल्या लहान वायनऱ्यांसाठी एक थंड कप्पा सक्तीचा करा. व्हॅटचा परतावा ठरलेल्या मुदतीत द्या. शेतकऱ्याशी लेखी करार आणि पैसे किती दिवसांत, हे त्या सवलतीला जोडा. जो शेतकऱ्याचे पैसे थकवेल, त्याची सवलत बंद.

जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये, चांगलंच आहे. जे पितात, त्यांनी पुढच्या वेळी दुकानदाराला एवढंच विचारा: आपल्या तालुक्यातली आहे का? दहा जणांनी विचारलं की अकराव्याला मिळते. धंदा असाच चालतो.